पाण्याने न जाणारी मिशी

आत्याच्या घरात आरसा एकच होता आणि तो मामांच्या दाढीच्या सोयीने, मामांच्याच उंचीला टांगलेला होता. आम्हा बायकांना त्यात कपाळ दिसायचे, फार तर भुवया. कुंकू लावायला तेवढे पुरे, असे आत्या म्हणायची. नाकाखालचा चेहरा पाहायचा तर पाट आणून त्यावर उभे राहावे लागे, आणि पाटावर कोणी उभे राहिलेले आत्याला खपत नसे. त्यामुळे सोलापुरातल्या त्या पहिल्या वर्षात मी माझा स्वतःचा ओठ असा फारसा पाहिलाच नव्हता. पाहिला तो एकदम एका शनिवारी, आणि त्यावर मिशी होती.

मी मोडनिंबची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढले नव्हते. माझे वडील, त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो, थोडी जिराईत जमीन करत आणि बाजाराच्या दिवशी लोकांना बैल पारखून देत. बैलाच्या दातावरून वय सांगण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. विकणारे लोक म्हाताऱ्या बैलाची शिंगे घासून, तेल-काजळ लावून तुकतुकीत करून आणायचे. आप्पा काही बोलायचे नाहीत. खांद्यावरचे फडके पाण्यात बुडवायचे आणि शिंगावरून एकदा फिरवायचे. फडके काळे झाले की ते समोर धरायचे, दोनदा खाकरायचे आणि चालू लागायचे. विकणारा मागून हाका मारत राही. आप्पांचे ते खाकरणे सगळ्या बाजाराला ठाऊक होते. त्यांना मिशीही तशीच होती, खाकरण्याला शोभेल अशी.

मॅट्रिकला मला चांगले मार्क पडले तेव्हा आमच्या हेडमास्तरांनी घरी येऊन आप्पांना तासभर समजावले. आप्पांनी ऐकून घेतले आणि मला सोलापूरला त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे, ठेवायचे कबूल केले. एस्टीत बसवताना मात्र म्हणाले, “खाली मान घालून जायाचं, खाली मान घालून यायाचं. नाटकं-बिटकं, गाणी-बिणी कानावर आली, तर त्याच एस्टीनं माघारी. मग पुस्तकं चुलीत.” ते उगाच बोलणारे गृहस्थ नव्हते.

आत्याचे घर पूर्व भागात, मागांच्या गल्लीत होते. आमच्या भिंतीला लागून शेजारच्या नरसम्माच्या घरचे माग होते आणि त्यांची खटखट सकाळपासून चाले. पहिले काही दिवस त्या आवाजाने माझे जेवणसुद्धा उतरत नसे. पुढे सुट्टीत मोडनिंबला गेले की त्या शांततेत मला झोप लागेना. घरापुढून गटार वाहायचे ते कधी लाल, कधी हिरवे, कधी गडद निळे. सूत रंगवून धुतलेले पाणी ते. आत्याची मुलगी शकू माझ्यापेक्षा वर्षाने लहान, पण खोड्यांमध्ये दहा वर्षांनी मोठी. ती सकाळी उठून गटार बघायची आणि सांगायची, “आज लाल चादरी.” आत्या उखळात शेंगाची चटणी कुटायची, शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत कुटायची, आणि मागांची खटखट व तिचा मुसळाचा ठोका एका तालात पडायला लागला की शकू मध्येच उभी राहून नाचायची. “बस खाली, कडकलक्षुमी,” आत्या म्हणायची, पण ताल सोडायची नाही.

आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात. मामा एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होते. टॉवेलचे गठ्ठे बांधून झाले की वरच्या गोणपाटावर गावाचे नाव टाकायचे, हे त्यांचे काम. पूर्वी ते डब्यातला रंग आणि कुंचला घेऊन हे करत. त्या वर्षी मालकांच्या जावयाने परदेशातून जाड बोटाएवढी काळी पेने आणली. टोपण काढले की घरभर स्पिरिटसारखा वास सुटायचा. मामांना दोन मिळाली. एक त्यांच्या खिशात असे, दुसरे देवाच्या कोनाड्यात. खंडेनवमीला सगळी गल्ली मागांची, धोट्यांची पूजा करत होती तेव्हा मामांनी त्या पेनाला हळदकुंकू वाहिले आणि झेंडूचे फूल ठेवले. आल्यागेल्याला ते दाखवायचे. “गठ्ठा पावसात भिजू द्या, रेल्वेच्या वाघिणीत घामेजू द्या. अक्षर हलणार नाही,” असे ते म्हणायचे, आणि हे वाक्य शकूने मनात नीट घडी घालून ठेवलेले होते.

आता नाटकाचे सांगते. आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात फक्त मुलींचे एक विनोदी नाटक बसत होते. त्यात एक तापट पाटील होता. बाईंनी वर्गात विचारले, “जरा मोठा आवाज कुणाचा आहे?” सगळ्या मुलींनी माझ्याकडे पाहिले. शेतात लांबून हाका मारायची सवय, त्याला मी काय करणार. मी नाही म्हणाले. शकूने घरी माझे ‘नाही’ ऐकले आणि म्हणाली, “मोडनिंबहून सोलापूरला हाक ऐकू येते का? नाही ना? मग नाटक कसं ऐकू जाईल?” आत्यालाही तिने फितवले. मामांना कळू द्यायचे नाही असे ठरले, कारण मामांच्या पोटात चहासुद्धा टिकत नसे.

पाटील कसा करायचा हे मला कुणी शिकवले नाही. मी आप्पांना उभे केले. दोनदा खाकरणे, धोतराचा सोगा हातात धरून मांडीवर थाप मारणे, उत्तर द्यायच्या आधी समोरच्याच्या पायांकडे पाहणे. तालमीत बाई हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात आल्या. अडचण मिशीची होती. काजळाने काढलेली मिशी रंगीत तालमीत घामाने ओघळून हनुवटीवर आली आणि पाटलाचा साधू झाला. शनिवारी दुपारी प्रयोग. सकाळी शकूने कोनाड्यातले पेन काढले, देवाला नमस्कार केला आणि म्हणाली, “विमे, तोंड इकडं कर. ही मिशी हलायची नाही.”

तिने ती फार मन लावून काढली. ओठावर भरदार, आणि टोके पीळ देऊन थेट गालापर्यंत. मी पाटावर उभी राहून आरशात पाहिले आणि क्षणभर मला आप्पाच माझ्याकडे बघत आहेत असे वाटले. डोक्याला बांधायला फेटा नव्हता, मागायचा कुणाकडे? मामांच्या कारखान्यातला लाल काठाचा टॉवेल गुंडाळला. नाटक असे रंगले की माझ्या खाकरण्यालाच टाळ्या पडायला लागल्या. तिसऱ्यांदा खाकरले तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीही खाकरल्या. मिशी खरोखरच हलली नाही.

घरी येऊन मोरीत साबणाने तोंड धुतले, तरीही ती हलली नाही.

आधी आम्ही हसत होतो. दुसऱ्या साबणाला शकू हसायची थांबली. तेवढ्यात मोडनिंबचा एक कांद्याचा व्यापारी दारात उभा राहिला. मी पदर तोंडाला लावून आत पळाले. तो उंबऱ्यातूनच आत्याला म्हणाला, “आप्पांचा निरोप हाय. उद्या सकाळच्या एस्टीनं येत्यात. करकंबचं पावणं संगं हायेत, पोरगी बगायला. पोरीला कुटं जाऊ दिऊ नगा.” आणि चहा न घेता गेला.

मिशीसकट सापडले तर आप्पा मला त्याच एस्टीने घेऊन जाणार. मिशी गेली आणि पाहुण्यांना मी पसंत पडले, तरी कॉलेज सुटणारच. मला दोन्हीकडून मोडनिंबच दिसत होते. पण सतरा वर्षांच्या मुलीला लग्न लांबचे वाटते आणि वडील जवळचे. आधी मिशी घालवायची, एवढेच मला सुचले.

त्यानंतर माझ्या ओठावर जे काही झाले ते आठवले की आजही झोंबते. आत्याने चुलीतली राख घेतली, त्यावर लिंबू पिळले आणि पितळी तांब्या घासावा तशी मला घासली. तांब्या असते तर लख्ख झाले असते. मिशी तशीच राहिली, खालची कातडी लाल झाली. शकूने मामांची टाच घासायची वजरी आणली. ती मी हिसकावून घेतली. मग ती रॉकेलची बाटली घेऊन आली, मग स्टो पेटवायच्या स्पिरिटची. “पेनाला स्पिरिटचा वास येतो, मग स्पिरिटनंच जाईल की,” ती म्हणाली. बोलणे बरोबर होते, पण त्या बाटलीवर विष असे लिहिलेले होते आणि मिशी तोंडाच्या दारातच. “ओठ चाटला तर मिशीबरोबर मीच जाईन,” मी म्हणाले.

नरसम्मा भिंतीवरून डोकावली. रंगाच्या हौदात काम करून तिचे हात कोपरापर्यंत कायमचे निळसर झालेले होते. तिने माझ्याकडे नीट पाहिले, मग आपले दोन्ही हात वर करून दाखवले. “आमचं बघ की. लग्नात लागलंय, आता नातू झाला.” आणि समाधानाने निघून गेली. शकू रडायलाच लागली.

तेव्हा मला पहिल्यांदा कॉलेजात शिकलेले काही आठवले. जे पाण्यात विरघळत नाही ते तेलात विरघळते का पाहावे, असे आम्हाला प्रॅक्टिकलला सांगितलेले होते. मी खोबरेल तेल घेतले, गालावरच्या पिळांवर जाड लावले आणि न घासता गप्प बसून राहिले. आत्याला हे पटत नव्हते. “नुसतं बसून कुटं डाग जातोय व्हय?” ती म्हणाली. थोड्या वेळाने कापसाच्या बोळ्याने हलके पुसले, तर बोळा काळा. पुन्हा तेल, पुन्हा बोळा, मग कोमट पाणी आणि साबण. पीळ गेले. शकूने मला मिठी मारली आणि तिच्या झंपरला डाग पाडून घेतला.

(पुढे मी शाळेत तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. गेल्या महिन्यात माझ्या नातवाने असल्याच पेनाने स्वतःच्या तोंडावर चष्मा काढून घेतला आणि त्याच्या आईने घाबरून मला फोन केला. मी म्हणाले, आधी तेल. लावून दहा मिनिटे ठेव, कापसाने हळू टीप, मग साबण. हाताचा किंवा पायाचा डाग असता तर ते सॅनिटायझर चालले असते, डोळ्यांजवळ आणि ओठांजवळ अजिबात नाही. घासायचे नाही, रॉकेल नाही, ब्रश नाही. उरलासुरला डाग चार दिवसांत कातडीबरोबर आपोआप जातो. ती म्हणाली, “आई, तुम्हाला कसं एवढं माहीत?” मी म्हणाले, पुस्तकात होते.)

ओठावरचे मात्र तेलानेही पूर्ण जाईना, कारण राख-लिंबाने तिथली कातडी सोलवटली होती आणि बोट लावले तरी डोळ्यांत पाणी यायचे. मामा कामावरून आले तेव्हा मी पदर तोंडाला लावून बसले होते. “दाढ दुखती तिची,” आत्या म्हणाली. मामांनी काळजीने लवंगेचे तेल आणून दिले. सकाळी उठून पाटावर उभी राहून पाहिले, तर ओठावर करडी-निळी सावली होती, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला फुटते तशी. आत्याने त्यावर स्नो लावला, स्नोवर पावडर, पावडरीवर आणखी पावडर. शकू म्हणाली, “हसू नकोस. भेगा पडतील.”

आप्पा पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे दोनच, मुलगा आणि त्याची चुलती. मुलगा गोरागोमटा, गरीब चेहऱ्याचा, मिशी नावालाच. बोलायचे सगळे काम चुलतीकडे होते. ती काठी टेकत आली, पाटावर बसली आणि घरातली भांडी मोजल्यासारखी सगळ्यांकडे बघू लागली. आप्पा खुशीत होते. “बारमाही पाण्याची हीर हाय त्यांची, ऊस हाय,” ते आत्याला हळूच म्हणाले. मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले. चालून दाखवले. नाव सांगितले. ओठ फार न हलवता बोलत होते, त्यामुळे म्हातारीला वाटले मी लाजाळू आहे आणि ती प्रसन्न झाली.

“हिकडं ये, बाळ. बस हितं,” ती म्हणाली. मी बसले. तिने पदराचे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवले. त्या काळी मुलगी बघायला आलेल्या जुन्या बायका हे करायच्या, पावडरीखाली खरा रंग कसा आहे ते पाहायला. मला हे माहीत होते, पण माझ्या बाबतीत होईल असे वाटले नव्हते. तिने माझे कपाळ पुसले, गाल पुसला आणि मग नाकाखालून पदर एकदा फिरवला.

मी तिच्याकडे बघत नव्हते, आप्पांकडे बघत होते. त्यांची नजर त्या ओल्या पदरावर खिळलेली होती. हातातला कप तसाच हातात राहिला होता.

“आगं बया,” म्हातारी म्हणाली आणि पदर उजेडाकडे धरला. “हिला मिसरूड फुटलंय.”

नरसम्माच्या घरचे माग रविवारचे बंद होते. माझ्या आयुष्यात त्या आवाजाची इतकी गरज कधी भासली नव्हती.

“कशाची मिशी हाय ती?” आप्पांनी विचारले.

“पाटलाची,” मी म्हणाले. “कॉलेजात नाटक होतं, आप्पा. मी पाटील झाले होते. घामानं उतरू नये म्हणून गठ्ठ्यावर लिहायच्या पेनानं काढली.”

“माझं पेन?” मामा उभे राहिले. “देवातलं?” आणि कोनाड्याकडे धावले. स्वयंपाकघरात शकू तोंडात पदर कोंबून हुंदके दिल्यासारखी हसत होती. आत्या म्हणाली, “आप्पा, तिचा काय दोस न्हाय. मीच हो म्हनले.”

आप्पा काही बोलायच्या आत म्हातारीने काठी आपटली. “ते ऱ्हाऊ द्या. काय म्हनत हुता गं तुजा पाटील? आमाला बी कळू दे की.”

मी आप्पांकडे पाहिले. आता जायचेच आहे तर निदान नीट करून जावे, असे काहीसे मला वाटले असावे. मी उठले, पदर खोचला, त्या मुलाच्या पायांकडे बराच वेळ पाहिले, खाकरले आणि मांडीवर थाप मारून आवाज लावला, “सरपंच, तुमच्या म्हशीनं आमचा कडबा खाल्ला त्याचं काय न्हाय. पर खाऊन वर आमच्याकडं बगून हसली, हे आपल्याला चालायचं न्हाय.”

म्हातारीने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा आप्पांकडे. पुन्हा माझ्याकडे. मग तिला जे हसू फुटले ते आवरेना. पोहे घशात अडकले, मुलाने पाणी दिले, पाणी पिताना ती पुन्हा हसली. “ह्यो तर ह्योच की,” आप्पांकडे बोट दाखवून ती म्हणाली. तो गरीब मुलगाही हसत होता, आणि हसताना बरा दिसत होता, हे मला आजही मान्य आहे.

निघताना म्हातारीने माझ्या हनुवटीला हात लावला. “पोरगी लई ग्वाड हाय, पावणं,” ती आप्पांना म्हणाली. “पर आमच्या घरात कारभारी एकच असतो, आन् ती मी हाय. दुसरा पाटील न्हाय परवडायचा.” तिला कुर्डूवाडीला भाचीकडे जायचे होते म्हणून ते दोघे लगेच स्टेशनकडे गेले.

मी आत जाऊन माझी पिशवी भरली. दोन पातळे, कंपास पेटी, रसायनशास्त्राचे पुस्तक. शकू कोपऱ्यात बसून एकेक वस्तू माझी नजर चुकवून पिशवीतून परत काढत होती. बाहेर आले तेव्हा आप्पा ओसरीवर एकटे बसले होते, गटाराकडे बघत. त्या दिवशी ते हिरवे होते.

“पिशवी कुनाची?” त्यांनी विचारले.

“माझी.”

“कुटं निगालीस?”

एस्टीतले त्यांचे शब्द त्यांना पुन्हा ऐकवायची माझी छाती नव्हती. आप्पाच म्हणाले, “फडकं फिरवून बगत हुती ती म्हातारी. बैलाच्या शिंगावरनं फिरवत्यात तसं.” आणि थोड्या वेळाने, “म्या सोता आनली हुती तिला.”

आतून मामा कुणाला तरी सांगत होते की पेन चालते आहे, देवाची कृपा.

“एक सांग,” आप्पा म्हणाले. “मी असा खाकरतो?”

“व्हय.”

“न्हाय. मी दोन डाव खाकरतो. तू एकच डाव खाकरलीस.”

“नाटकात दर वेळी दोनदाच खाकरले होते, आप्पा. आज घसा कोरडा पडला होता.”

त्यांनी मान हलवली. “आन् डोक्याला काय बांदलं हुतं?”

“टॉवेल.”

“टावेल,” ते म्हणाले, आणि आता मात्र त्यांना खरोखरच राग आलेला होता. “माझी नक्कल चार लोकात करायची आन् डोक्याला टावेल?”

त्यांनी फेटा उतरवला. मी त्यांना उघड्या डोक्याने घराबाहेर कधी पाहिलेले नव्हते. कपाळाचा वरचा भाग गोरा होता, उन्हाने न रापलेला. फेट्याची त्यांनी सावकाश घडी घातली, माझ्या पिशवीतून रसायनशास्त्राचे पुस्तक बाहेर काढून ओसरीवर ठेवले, आणि फेटा माझ्या हातात दिला. “म्होरल्या साली लागंल,” ते म्हणाले. “आन् मिशी काजळानंच काडा. कातडं गेलंय सगळं.”

मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले. मोडनिंबची एस्टी लागली तेव्हा ते खिडकीजवळ बसले, डोक्याला आत्याने दिलेला लाल काठाचा सोलापुरी टॉवेल गुंडाळून. शेजारच्या माणसाने तो टॉवेल पाहून काहीतरी विचारले. आप्पांनी आधी त्याच्या पायांकडे पाहिले. मग खिडकीतून माझ्याकडे एकवार बघून, मोजून, दोनदा खाकरले.